मुद्राराक्षसाचे नवे बिऱ्हाड

छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा केला जात असे त्या काळी चुकीचा दोष टाकावयास एक सोयीचा धनी होता. त्याचे नाव मुद्राराक्षस. विशाखदत्ताच्या नाटकाचे शीर्षक मराठी छापखान्यांनी मोठ्या खुबीने या अदृश्य प्राण्याला देऊन टाकले, आणि जुळाऱ्याची घाई, लेखकाचे किरटे अक्षर व मुद्रितशोधकाची डुलकी या तिन्ही गोष्टी त्याच्या खात्यावर जमा होऊ लागल्या. पुस्तकाच्या शेवटी जोडलेले शुद्धिपत्र ही त्याच्या पराक्रमाची कबुली असे. आता खिळे गेले, गॅली-प्रुफे गेली आणि पुष्कळ ठिकाणी मुद्रितशोधकाची खुर्चीही गेली. मुद्राराक्षस मात्र निवृत्त झालेला नाही. त्याने बिऱ्हाड तेवढे बदलले आहे. संगणकाच्या आज्ञावलीत, म्हणजे सगळेच जण आता ज्याला कोड म्हणतात त्यात, तो सुखाने राहत आहे.

हा पत्ता पुणेकरांच्या ओळखीचा असावयास हवा. सी-डॅक ही संगणक-संशोधनाची संस्था १९८८ साली याच शहरात उभी राहिली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामात तिचा वाटा मोठा आहे, आणि मराठी वृत्तपत्रे व ग्रंथ ज्या 'श्री-लिपी'त वर्षानुवर्षे जुळवले गेले तीही पुण्याच्याच एका कंपनीची निर्मिती. पुढे हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांत संगणकव्यवसायाची जी वस्ती वाढली तिच्यामुळे या शहरात कथा-कविता लिहिणाऱ्यांपेक्षा कोड लिहिणारे संख्येने अधिक झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. कोड हेही लेखनच आहे. ते यंत्राला वाचावे लागते, तसेच ते पुढे दुरुस्त करणाऱ्या माणसालाही वाचावे लागते. ज्या शहराने एकेकाळी अनुस्वारावरून वर्तमानपत्रांतून लढाया केल्या त्या शहराने या नव्या लेखनातील अक्षरचुकांचा विचार केला तर ते त्याच्या परंपरेला सोडून होणार नाही.

कोडमधील चुका एका जातीच्या नसतात. आज्ञेच्या शब्दातच चूक झाली तर यंत्र तत्काळ अडते व चूक दाखवते. ती चूक उपद्रवी असली तरी प्रामाणिक असते. परंतु कोडमध्ये यंत्र ज्याकडे ढुंकूनही पाहत नाही असा पुष्कळ मजकूर असतो. प्रोग्रामरने पुढच्या माणसासाठी लिहून ठेवलेल्या टिपा असतात, वापरणाऱ्याला पडद्यावर दिसावयाच्या सूचना असतात, आणि निरनिराळ्या राशींना व कृतींना स्वतःच दिलेली नावे असतात. या नावांत एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी यंत्राची तक्रार नसते. सर्वत्र तेच चुकीचे नाव वापरले की त्याचे समाधान होते. काही संगणकभाषांत तर चुकीचे लिहिलेले नाव म्हणजे नवीनच नाव असे गृहीत धरून यंत्र निमूटपणे पुढे जाते, आणि हिशेब कोठे बिघडला हे शोधण्यात माणसाचा दिवस जातो.

सर्वांत वाईट चूक ती, जिच्यावर इतर लोक विसंबून राहू लागतात. याचे जगप्रसिद्ध उदाहरण इंटरनेटच्या पायातच पुरलेले आहे. आपण एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा आपण कोठून आलो हे सांगणारी एक ओळ आपला संगणक पाठवतो. तिचे नाव इंग्रजीत 'रेफरर' असे असावयास हवे होते, आणि त्या शब्दाच्या मध्यभागी 'आर' हे अक्षर लागोपाठ दोनदा येते. प्रस्ताव लिहिताना एक 'आर' गळला. मे १९९६ मध्ये या व्यवहाराचे नियम अधिकृत दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाले तेव्हा चूक तशीच राहिली, कारण तोवर तिच्यावर विसंबून लिहिलेले प्रोग्राम जगभर पसरले होते. आज तीस वर्षे होत आली, पृथ्वीवरील जवळजवळ प्रत्येक संगणक ही चूक रोज शिस्तीने पाठवतो. गंमत अशी की, पुढे याच माहितीवर नियंत्रण ठेवणारी दुसरी एक ओळ तयार झाली आणि तिच्यात शब्द बरोबर लिहिला गेला. म्हणजे आता प्रोग्रामरने एके ठिकाणी शुद्ध व एके ठिकाणी अशुद्ध लिहावे, तरच काम चालते! युनिक्स या प्रणालीत नवी फाइल निर्माण करण्याच्या आज्ञेतील शेवटचा 'ई' असाच नाहीसा झालेला आहे. पुन्हा लिहावयाची वेळ आली तर काय बदलाल, असे युनिक्सच्या जनकांपैकी एक केन टॉम्प्सन यांना विचारले असता, तो 'ई' घालीन, असे उत्तर त्यांनी दिले होते.

हे वाचून शाळेतील शिक्षकांना आणि कचेरीतील लिपिकांना नवल वाटणार नाही. त्यांच्या रोजच्या कामातला हा अनुभव आहे. पहिलीत प्रवेश घेताना जनरल रजिस्टरमध्ये मुलाच्या नावाची एक वेलांटी चुकते. तीच नोंद शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते, दाखल्यावरून परीक्षेच्या अर्जावर, अर्जावरून गुणपत्रिकेवर आणि गुणपत्रिकेवरून नोकरीच्या कागदपत्रांवर. पहिल्या दिवशी जी चूक खोडरबराने गेली असती तिच्यासाठी वीस वर्षांनी प्रतिज्ञापत्र करावे लागते आणि शासकीय राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागते. कोणी दुष्टपणा केलेला नसतो. प्रत्येकाने आधीच्या कागदावरचे इमानाने उतरवून घेतलेले असते. चूक टिकते ती या इमानामुळेच, आणि म्हणून ती पकडण्याची जागा पहिल्या नोंदीपाशीच असली पाहिजे.

प्रोग्रामर मंडळींनी या कामासाठी जी साधने तयार केली आहेत ती दिसावयास अगदी साधी आहेत. त्यांना खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञेची एक ओळ टंकित करावयाची आणि कळ दाबावयाची, एवढाच त्यांचा डौल. 'कोडस्पेल' हे त्यांपैकी एक आणि 'टायपोज' हे दुसरे. आज्ञा मिळताच हे साधन प्रकल्पातील सगळ्या फायली वाचून काढते आणि अमुक फाइलीत, अमुक ओळीत, अमुक शब्द चुकला आहे व तो असा हवा, एवढे सांगून थांबते. आणखी एक आज्ञा दिली तर दुरुस्तीही करून टाकते. कोडमधील नावे पुष्कळदा दोन-तीन शब्द एकमेकांस चिकटवून केलेली असतात. 'टायपोज' अशा नावाचा आधी विग्रह करते, मग एकेक पद तपासते. समास सोडवणाऱ्या विद्यार्थ्यासारखेच म्हणा. आणि हे सारे नवे लेखन प्रकल्पात सामील होण्यापूर्वी, दारावरच, आपोआप व्हावे अशी व्यवस्था लावता येते. चूक सापडली तर दार उघडत नाही.

परंतु या साधनांतील खरी विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. शब्द तपासणारे जुने प्रोग्राम शुद्ध शब्दांचा कोश जवळ बाळगीत आणि त्यात जो शब्द नाही तो चूक, असे मानीत. सामान्य पत्रलेखनाला हे चालते. कोडमध्ये मात्र निम्मे शब्द जगातल्या कोणत्याच कोशात नसतात, त्यामुळे असला तपासनीस पानभर तांबड्या रेघा ओढून ठेवतो, आणि ज्याच्या शंभर तक्रारींपैकी नव्वद खोट्या निघतात त्याच्याकडे लवकरच कोणी लक्ष देईनासे होते. 'कोडस्पेल'ने म्हणून उलटी वाट धरली. त्याने शुद्ध शब्दांचा कोश टाकून दिला आणि वारंवार होणाऱ्या चुकांची यादी जवळ केली. डावीकडे चुकीचे रूप, उजवीकडे बरोबर. जे रूप यादीत आहे त्यालाच हटकावयाचे. बाकी सर्व, मग ते कितीही विचित्र दिसो, लेखकाच्या मर्जीवर सोडावयाचे. एका चुकीला दोन संभाव्य दुरुस्त्या असतील तर यंत्र स्वतः हात लावत नाही, दोन्ही दाखवून माणसाकडे पाहते. ब्रिटिश वळणाचे इंग्रजी अमेरिकन करण्याची यादीही त्याच्यापाशी आहे, पण ती मुद्दाम मागितल्याशिवाय वापरली जात नाही. कारण एका देशाची रीत ही दुसऱ्या देशाची चूक नव्हे.

मार्च २०११ मध्ये लुकास डी मार्की या त्याच्या कर्त्याने लिनक्स प्रणालीच्या गाभ्यातील दोन हजारांहून अधिक फायलींमधील अक्षरचुका एका दमात दुरुस्त करून पाठवल्या. सोबतच्या नोंदीत त्याने या दुरुस्त्या 'कोडस्पेल'ने सुचवलेल्या असून नंतर हाताने तपासलेल्या आहेत, असे नमूद केले होते. त्या नोंदीतला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा. जगातील किती यंत्रे त्या गाभ्यावर चालतात हे जाणणाऱ्याला तेथे आंधळेपणाने एक अक्षरही बदलून चालत नाही.

आता मराठी वाचकाने क्षणभर थांबून आठवावे. डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध, ही यादी आपण कोठे पाहिली आहे? शालेय व्याकरणाच्या प्रत्येक पुस्तकात. आशिर्वाद – आशीर्वाद, उज्वल – उज्ज्वल, तज्ञ – तज्ज्ञ, क्रिडा – क्रीडा, दुरावस्था – दुरवस्था, अल्पसंख्यांक – अल्पसंख्याक. या दोन रकान्यांवर आपल्या कित्येक पिढ्यांनी गुण मिळवले आणि गमावले. ती यादी परीक्षा संपताच विसरली जाते, कारण ती मुखोद्गत करावयाची वस्तू आहे, असा आपला समज आहे. प्रोग्रामर लोकांनी तीच कल्पना घेऊन तिला कामाला जुंपले. यादी माणसाने पाठ करण्याऐवजी यंत्राच्या हाती दिली, आणि प्रत्येक दारावर एकेक यंत्र बसवले. आपल्याकडे यादी होती, दारे आता झाली आहेत. या दोहोंची गाठ घालून देणे हे काम अजून व्हावयाचे आहे.

याची निकड का, असे कोणी विचारील. फलक रंगवणाऱ्याने 'सुचना' असे लिहिले तर ती चूक एका भिंतीपुरती राहते. पावसाने ती धुपते तरी. पण आज मराठीतील अर्ज, पावत्या, बिले, बसथांब्यावरील सरकत्या पाट्या, मोबाइलवर येणारे निरोप, परीक्षांची प्रवेशपत्रे हे सारे कोणा प्रोग्रामरने कोडमध्ये एकदाच लिहिलेल्या ओळींतून उमटत असते. तेथे 'पुर्ण' असे एकदा लिहिले की ते लाखो पावत्यांवर 'पुर्ण'च येणार. छापील अक्षराला आपल्या समाजात जो अधिकार आहे तो अजून ओसरलेला नाही. वर्गात शिक्षक 'पूर्ण' शिकवतात आणि मुलगा खिशातल्या मोबाइलवर रोज दहादा 'पुर्ण' वाचतो. या सामन्यात शिक्षक हरणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. त्या प्रोग्रामरला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. तो इंग्रजीत शिकला, मराठी मजकूर त्याला कोणीतरी घाईने पाठवला, आणि त्याचे इंग्रजी तपासणारे यंत्र त्याच्या मराठी ओळीवरून काही न बोलता पुढे गेले.

मराठीसाठी असे साधन करणे मात्र इंग्रजीइतके सोपे नाही, आणि अडचणी कोठे आहेत हे नीट पाहिले पाहिजे. पहिली अडचण आपल्या शब्दांच्या रूपांची. इंग्रजी नामाला दोन-चार रूपे पुरतात. आपले 'मूल' घरातून बाहेर पडताच मुलाला, मुलांनी, मुलांच्या, मुलांकडून, मुलांसाठीसुद्धा अशी किती वेषांतरे करील त्याला गणती नाही, आणि जाताना दीर्घ ऊकार घरी ठेवून जाते. 'गरीब' दीर्घ, पण 'गरिबाला' ऱ्हस्व. 'शरीर' मात्र तत्सम, म्हणून 'शरीराला' दीर्घच. शुद्ध रूपांचा संपूर्ण कोश करावयाचा तर तो अफाट होईल. यावर एक मार्ग हंगेरियन लोकांनी काढला. त्यांची भाषाही आपल्याप्रमाणे शब्दाला प्रत्ययांच्या माळा लावणारी. लास्लो नेमेथ यांनी तिच्यासाठी रचलेला 'हनस्पेल' हा प्रोग्राम मूळ शब्द वेगळे व प्रत्यय लागण्याचे नियम वेगळे ठेवतो. आज लिबरऑफिस व फायरफॉक्स यांच्या पोटात तोच काम करतो आणि स्वयंसेवकांच्या श्रमांमुळे त्यात मराठीही आहे. हे काम मोलाचे आहे. तरीही आपल्या आडनावांवर, गावांच्या नावांवर आणि बोलीतल्या शब्दांवर तांबडी रेघ उमटतेच, आणि मग तपासणी बंद करून ठेवण्याकडे माणसाचा कल होतो. दारावर बसवावयाचा पहारेकरी याहून कमी बोलका हवा. म्हणून चुकांची यादी.

यादीलाही शहाणपण लागते. 'महत्व' चूक, 'महत्त्व' बरोबर; 'तत्व' चूक, 'तत्त्व' बरोबर. एखादा उत्साही प्रोग्रामर यावरून नियम करील की 'त्व' दिसला की त्याचा 'त्त्व' करावा. मग 'नेतृत्व', 'मातृत्व', 'कर्तृत्व' हे निरपराध शब्द मारले जातील. (माणसेही ही अतिशुद्धी करतातच, 'नेतृत्त्व' हे रूप सत्काराच्या मानपत्रांत पाहावयास मिळते.) शिक्षक दिनाच्या फलकावर 'शिक्षक दीन' असे लिहिलेले आपण पाहतो आणि खिन्नपणे हसतो. येथे कोशाचा उपयोग नाही, कारण 'दिन' आणि 'दीन' हे दोन्ही शब्द शुद्ध आहेत. म्हणून यादीत 'शिक्षक दीन', 'स्वातंत्र्य दीन', 'प्रजासत्ताक दीन' अशा जोड्याच घालाव्या लागतील. नुसता 'दीन' बदलून 'दिन' करा, अशी आज्ञा यंत्राला दिली तर ते मास्टर दीनानाथांनाही सोडणार नाही.

यापुढची अडचण डोळ्यांना दिसतच नाही. आचार्य म्हणजे गुरू आणि आचारी म्हणजे स्वयंपाकी. 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' यांत मराठीने एका अर्ध्या 'र'च्या आकाराने फरक केला आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोलगट जागा. हा वाकडा 'र' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत साधा 'र', पायमोड आणि एक अदृश्य जोडखूण. दुसरीत खाली टिंब असलेला 'ऱ' व पायमोड. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द आहेत. एका कचेरीत पहिल्या तऱ्हेने टंकित केलेले 'गोऱ्हे' दुसऱ्या कचेरीत दुसऱ्या तऱ्हेने शोधले तर नाव यादीत नाही असे उत्तर येऊ शकते, आणि खिडकीपाशी उभा असलेला गोऱ्हे स्वतःचे अस्तित्व सिद्ध करीत बसतो. इंग्रजी वळणाचे 'ॲ' आणि 'ऑ' हेही असेच दोन-दोन प्रकारे लिहिले जातात. ही अक्षरचूक नव्हे, टंकणाऱ्याचा यात काडीचाही अपराध नाही. पण परिणाम चुकीसारखाच, किंबहुना अधिक घातक, कारण डोळ्याला ती कधीच सापडणार नाही. ती यंत्रालाच सापडेल. दोन्ही तऱ्हांना एक रूप देणे हे मराठी साधनाचे पहिले काम असले पाहिजे.

ज्या संगणकभाषांत ही साधने लिहिली जातात त्या आपली लिपी नीट वाचतात, असेही गृहीत धरू नये. 'कोडस्पेल' पायथन या भाषेत लिहिलेले आहे. त्या भाषेची शब्द ओळखण्याची जी नेहमीची रीत आहे ती काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानीत नाही, म्हणून 'विचार' हा शब्द तिला सलग दिसतच नाही, मध्येच तुटतो. सुदैवाने शब्द कशाला म्हणावे हे वापरणाऱ्याने स्वतः ठरवून देण्याची, तसेच स्वतःची वेगळी यादी देण्याची सोय त्या साधनात ठेवलेली आहे. म्हणजे मराठीसाठी सारे नव्याने रचण्याची आवश्यकता नाही. मापे आपल्या बेताची करून घेतली की पुरे.

येथे एका जुन्या आक्षेपाला उत्तर देणे प्राप्त आहे. शुद्धलेखन हे मूठभरांच्या सोयीचे बंधन आहे, खेड्यातून आलेल्या मुलाला लाजवण्याचे ते हत्यार आहे, असे म्हटले जाते. आणि त्यात तथ्य नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. नियम काही आकाशातून पडलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेले चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली, आणि 'नांव', 'कांहीं' असे लिहिणारे विद्वान एका रात्रीत अशुद्ध ठरले. आजही 'पोलीस' की 'पोलिस' यावर एकमत दिसत नाही. परंतु या आक्षेपाचे उत्तर चुकांच्या यादीच्या स्वभावातच आहे. ती कागद तपासते, माणूस तपासत नाही. ज्या रूपाबद्दल जाणकारांत दुमत आहे ते तिच्यात घालावयाचे नाही. 'असं', 'केलं' अशी बोलण्याच्या वळणाची रूपे, वऱ्हाडी, मालवणी वा अहिराणीतले शब्द यांना तिने स्पर्श करावयाचा नाही. ब्रिटिश इंग्रजीला 'कोडस्पेल' जो मान देते तेवढा मान आपण आपल्या बोलींना द्यावा, एवढेच. आणि लाजेचा प्रश्न असेल तर ज्या लिपिकाला आज साहेबांनी चारचौघांत चूक दाखवावी लागते त्याला ती एकांतात, कागद टेबलावरून हलण्यापूर्वी, यंत्राने दाखवलेली अधिक परवडेल.

दुसरा आक्षेप ताजा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्राम आता पानेच्या पाने शुद्ध करून देतात, मग ही दोन रकान्यांची यादी कशाला? ते प्रोग्राम पुष्कळ काम करतात हे खरे आहे. पण ते चुकीबरोबर शेजारचे वाक्यही आपल्या मर्जीने सरळ करून ठेवतात, आणि त्यांनी काय बदलले व का बदलले हे ओळीगणिक विचारता येत नाही. कायद्याच्या नमुन्यात, निकालपत्रात, सातबाऱ्याच्या उताऱ्यात कोणी असा अघळपघळ हात फिरवू नये. यादीतील प्रत्येक ओळ कोणाही शिक्षकाला वाचता येते, तिच्याशी वाद घालता येतो, ती पटली नाही तर काढून टाकता येते. शिवाय ती जुन्या, मंद, इंटरनेट नसलेल्या संगणकावरही क्षणात चालते, ही तालुक्याच्या कचेरीच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

ही यादी करावी कोणी? पुण्याला कोशाचे काम नवे नाही. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी याच शहरात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात काढले, तेव्हा त्यांच्यापाशी संगणक नव्हता आणि सरकारी तिजोरीही नव्हती. अलीकडच्या काळात अरुण फडके यांनी 'मराठी लेखन-कोश' रचून आणि खिशात मावेल अशी पुस्तिका देऊन एकट्याने मोठे काम केले. पण असे ग्रंथ कर्त्यांच्या मालकीचे असतात. त्यांतील जोड्या उचलून प्रोग्राममध्ये घालणे न्यायाचे होणार नाही. 'कोडस्पेल'ची यादी विकिपीडियावर लोकांनी जमवलेल्या चुकांवरून सुरू झाली आणि वापरणारे तिच्यात भर घालत गेले म्हणून ती वाढली. आपल्यालाही कोणाचीही परवानगी न मागता वापरता येईल, फुकट वाटता येईल, दुरुस्त करून परत देता येईल अशी यादी नव्याने जमवावी लागेल. तिचा कच्चा माल शिक्षकांच्या कपाटांत पडलेला आहे. तपासलेल्या वह्यांच्या समासात तांबड्या शाईने जे लिहिले जाते तेच ते. प्रत्येक शाळेतील मराठीच्या एका शिक्षकाने वर्षभरात दिसलेल्या पन्नास चुका नोंदवून पाठवल्या तरी वारंवार होणाऱ्या चुका कोणत्या हे आपोआप वर येईल. महाविद्यालयातील संगणकशाखेचे विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत असतातच. साठवण, वर्गवारी आणि 'ऱ्य'च्या दोन तऱ्हांचे एकीकरण हे त्यांच्या आवाक्यातले काम आहे, आणि ग्रंथालयातून पुस्तक देण्या-घेण्याची तीच ती आज्ञावली शंभराव्यांदा लिहिण्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे आहे. वादग्रस्त रूपे बाजूला काढण्यासाठी जाणकारांची समिती लागेल. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ पासून याच गावात आहे, विद्यापीठाचा मराठी विभाग आहे. समित्यांची आपल्याला कधी वाण पडली नाही. या समितीने फक्त काय वगळावयाचे एवढेच ठरवावे, म्हणजे तिचे काम लवकर आटोपेल.

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची घोषणा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झाली. त्यानंतर सत्कार झाले, परिसंवाद झाले, फलकही लागले. शासनाने आपल्या संगणक-कंत्राटांत आता एक अट घालावी. मराठी मजकूर असलेली कोणतीही आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी ती अशा यादीवरून तपासलेली असली पाहिजे, आणि 'ऱ' व 'ॲ' ठरलेल्या एकाच तऱ्हेने लिहिलेले असले पाहिजेत. या अटीला वेगळा खर्च नाही. तपासणीला लागणारा वेळ सेकंदांत मोजावा लागेल. यादी हजार जोड्यांची असली तरी सुरुवातीस पुरे. 'महत्व', 'सुचना', 'पुर्ण' आणि 'शिक्षक दीन' या चार ओळींपासून ती उद्याच सुरू करता येईल.